खांदेरीची मोहीम : जयापजयाचा पुनर्विचार

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि गेवराई तालुक्यात तिच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हे क्षेत्र आहे. भाविकांस ते शनिमहाराजांचे स्थान म्हणून ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे. निजामअली फौजेचा एक भाग घेऊन नदीपार झाला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला होता, आणि मराठ्यांनी त्यास नेमके त्याच स्थितीत गाठले. विठ्ठल सुंदर पडला. भर पावसाळ्यातील गोदावरी मध्ये असल्यामुळे पलीकडच्या धन्यास आपल्या दिवाणाचा बचाव करता आला नाही. या लढाईविषयी लिहिणारा कोणताही जबाबदार लेखक रघुनाथरावांची तडफ किंवा तरुण माधवरावांचे धैर्य एवढेच सांगून थांबत नाही. नदी कोठे होती, कोण कोणत्या तीरावर होता, उतार कोणाच्या हाती होता, हे प्रश्न तो आधी सोडवितो. कारण त्यांवाचून लढाईचा अर्थच लागत नाही.

हीच कसोटी समुद्रावरील युद्धास लावण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र आमच्या लेखकांस तिचा विसर पडतो. याचे ठळक उदाहरण म्हणून इ. स. १६७९-८० ची खांदेरीची मोहीम आम्ही येथे परीक्षणास घेतली आहे. निमित्तही तसेच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट केले त्यांत खांदेरी आहे, आणि इ. स. २०१९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीसही हेच नाव दिलेले आहे. नाव जितके मोठे होते तितकी त्याभोवतीची कथा घट्ट होत जाते, आणि एकदा घट्ट झालेली कथा मागाहून कागदांनी हलत नाही. ती घट्ट होत असतानाच तिचे परीक्षण झालेले बरे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात सांगतो. खांदेरी व उंदेरी ही दोन लहान बेटे मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर आहेत. उंदेरी किनाऱ्यास जवळ, खांदेरी तिच्याहून बाहेर. मुंबईच्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्यास खांदेरीइतकी सोयीची जागा त्या भागात दुसरी नाही. शिवाजी महाराजांनी इ. स. १६७२ च्या सुमारास ते बेट बांधण्याचा विचार केला होता. परंतु इंग्रज व सिद्दी या दोघांच्याही विरोधामुळे तो त्या वेळी तडीस गेला नाही. पुढे इ. स. १६७९ च्या ऑगस्टात मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली काम एकाएकी सुरू झाले. सप्टेंबरात मुंबईकर इंग्रजांनी लहान गलबते पाठवून ते थांबविण्याचा यत्न केला. त्यात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ नावाचे मोठे जहाज व त्याच्या सोबतीस लहान गलबते देऊन मिंचिन व केग्विन या कप्तानांस नाकेबंदीसाठी पाठविण्यात आले. १८ ऑक्टोबर रोजी पहाटे दौलतखानाच्या हाताखालील पन्नास-साठ गलबतांचे मराठी आरमार किनाऱ्याकडून चालून आले. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब पाडाव झाली, त्यांची बहुतेक लहान गलबते पळाली. परंतु ‘रिव्हेंज’ जागचे हलले नाही, आणि तिच्या तोफांपुढे मराठी आरमार अखेर मागे सरून नागोठण्याच्या खाडीत गेले. नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांस येऊन मिळाला. इ. स. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी सलोखा करून आपली गलबते काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. मात्र त्याच जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी व्यापून बांधण्यास घेतली. तीवर दौलतखानाने केलेला हल्ला फसला व तो स्वतः जखमी झाला.

या वृत्तान्तावर दोन प्रकारचे लेखन झालेले आहे. पहिला प्रकार अठराव्या शतकातील ऑर्मपासून चालत आलेला. त्यात १८ ऑक्टोबरचा दिवस हाच मोहिमेचा कळस मानलेला असून एकट्या ‘रिव्हेंज’ने अर्धशतकाहून अधिक गलबते कशी पिटाळली याचे वर्णन असते. मराठी आरमार संख्येने मोठे पण गुणाने हलके, हा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. दुसरा प्रकार आमच्या बाजूचा. त्यात ‘डव्ह’चा पाडाव पुढे येतो, ‘रिव्हेंज’ मागे जाते, नागोठण्याच्या खाडीचा उल्लेखच बहुधा गळतो, आणि दर्यावर इंग्रजांची पूर्ण दाणादाण उडाल्याचे वाचकांस सांगितले जाते. हे दोन्ही प्रकार परस्परविरुद्ध दिसतात, पण त्यांची चूक एकच आहे. दोघेही एका दिवसाच्या झुंजीवरून सहा महिन्यांच्या मोहिमेचा निवाडा करतात.

मोहिमेचा निवाडा तिच्या हेतूवरून व्हावा. महाराजांचा हेतू इंग्रजांचे आरमार बुडविण्याचा नव्हता; एका निर्जल, उघड्या खडकावर तट उभा करून तेथे शिबंदी टिकविण्याचा होता. इंग्रजांचा हेतूही मराठी गलबते बुडविण्याचा नव्हता. ती शिबंदी उपाशी पाडून बेट सोडावयास लावण्याचा होता. म्हणजे सारा वाद थळचा किनारा व खांदेरी यांमधील पाण्याच्या पट्ट्याचा होता. त्या पट्ट्यातून धान्य, पाणी, चुना, दगड व माणसे जात राहिली तर महाराज जिंकले. ती थांबली तर इंग्रज जिंकले. आम्ही राक्षसभुवनी नदीविषयी जो प्रश्न विचारतो तोच येथे विचारावयाचा : उतार कोणाच्या हाती होता?

हे महाराजांस पुरते ठाऊक होते, याविषयी कल्पना लढविण्याचे कारण नाही. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास त्यांनी इ. स. १६७५ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाच्या कामी गुंतलेल्या आरमारास ऐवज व गल्ला वेळेवर पोचविण्यात त्याने कसूर केली म्हणून त्या पत्रात त्याची कडक हजेरी घेतलेली आहे. इतकी की तो हबशाला सामील असावा असा संशयही धन्याने बोलून दाखविला. हे पत्र आमचे लेखक महाराजांच्या करड्या शिस्तीचा नमुना म्हणून देतात. आमच्या मते ते त्याहून अधिक काही सांगते. समुद्रातील किल्ला सरदाराच्या शौर्यावर उभा नसून सुभेदाराच्या पोत्यांवर उभा आहे, हे ज्याने जाणले आहे त्याचे ते पत्र आहे. खांदेरीचा विचार या पत्रापासून सुरू करावा, १८ ऑक्टोबरपासून करू नये.

आता मोहिमेची आखणी पाहावी. कामास आरंभ ऑगस्टात झाला. त्या वेळी पावसाळा सरत आलेला असतो, पण समुद्र शांत झालेला नसतो. मोठी जहाजे अजून बंदरात शाकारलेली असतात. किनाऱ्याची माहिती असलेल्या लहान होड्यांस मात्र उघडीप पाहून थोडे अंतर तोडता येते. इंग्रजांच्या पहिल्या फेऱ्या हवामानामुळेच निष्फळ झाल्या, आणि समुद्र निवळून ‘रिव्हेंज’ बाहेर पडेपर्यंत बेटावर अंग लपविण्यापुरता तट व मोर्चे उभे झाले होते. थॉर्पचा अंत याच तयारीपुढे झाला. ज्या मोसमात शत्रूचे बळ निरुपयोगी असते तोच मोसम निवडणे, ही या मोहिमेतील पहिली व आमच्या मते सर्वांत मोठी चाल होय. हिचा उल्लेख जयघोष करणाऱ्या लेखनात क्वचितच आढळतो, कारण तीत धूर व तोफांचा आवाज नाही.

दुसरी गोष्ट गलबतांच्या बांधणीची. मराठी गलबते लहान, उथळ तळाची व वल्ह्यांची. उघड्या समुद्रात मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे ती टिकत नसत, हे खरे आहे व ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु वारा पडला म्हणजे मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही आणि वल्ह्यांची होडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाई. खडकाळ, उथळ पाण्यात ती जेथून जाई तेथून मोठ्या जहाजास जाण्याची छाती होत नसे. रात्री बेटावर होड्या पोचतात व आपणांस त्या अडविता येत नाहीत, ही तक्रार इंग्रजांच्याच कागदांत आहे. झुंजीत जे न्यून ठरले तेच पुरवठ्यात गुण ठरले. एकाच गलबतास एका पृष्ठावर हलके व दुसऱ्या पृष्ठावर चपळ म्हणणाऱ्या लेखकांनी हा भेद स्पष्ट केला पाहिजे.

येथे १८ ऑक्टोबरच्या तारखेविषयी थोडे गणित मांडतो. ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहे. आजच्या पंचांगाने ती २८ ऑक्टोबर १६७९ येते. गणित करता त्या दिवशी कृष्ण पक्षातील अष्टमी-नवमीच्या आसपासची तिथी पडते. म्हणजे पाणी भांगाचे होते, उधाणाचे नव्हते. प्रवाहाची ओढ मंद होती. आणि मध्यरात्री उगवलेला अर्धा चंद्र पहाटे माथ्याजवळ आलेला होता. त्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्याकडून निघालेल्या गलबतांस पाठीशी वारा, मंद प्रवाह व वल्ही मारण्यापुरता उजेड, ही तिन्ही त्या पहाटेस अनुकूल होती. दौलतखानाने वेळ विचारपूर्वक निवडली असे आम्ही अनुमान करतो. अनुमानास कागदाचा आधार नाही हे आम्ही लपवीत नाही. पण दिवस चढल्यावर वारा फिरून समुद्राकडून वाहू लागला म्हणजे तीच गलबते किनाऱ्याकडे परतणार, हेही त्याच निसर्गनियमात बसते. तेव्हा नागोठण्याच्या खाडीकडे झालेली माघार केवळ घाबरगुंडी होती असे समजण्यापूर्वी वाऱ्याचा विचार करावा.

या संबंधात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण उपयोगी पडते. वारा प्रतिकूल असता हट्टाने झुंज देऊ नये, गलबते राखून आपल्या किल्ल्याच्या आश्रयास यावे, असा उपदेश त्यात केलेला आहे. मात्र हा ग्रंथ इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा, म्हणजे खांदेरीनंतर पस्तीस वर्षांहून अधिक काळाने झालेला आहे. काही लेखक त्यातील वचने शिवकालीन हुकूम म्हणून खुशाल पुढे करतात, ते आम्हांस मान्य नाही. त्याचा उपयोग इतकाच की खांदेरीसारख्या प्रसंगांतून जो अनुभव साचला त्याचे सार त्यात उतरले असावे. कार्यकारणाची दिशा उलटी करू नये.

तिसरी चाल खुष्कीवरची. समुद्रावर नाकेबंदी चालू असतानाच कल्याण-भिवंडीकडे मराठी फौज जमा होऊन मुंबईवर उतरण्याचा धाक घातला गेला. पोर्तुगीजांनी ठाण्याकडून वाट दिली नाही म्हणून तो बेत पुढे गेला नाही. पण धाकाने जे करावयाचे ते केले. मुंबईस शिबंदी थोडी, तीच जहाजांवर चढविली तर बेट उघडे पडते, ही चिंता इंग्रजांस लागली. शिवाय मुंबई त्या काळी सुरतेच्या वखारीच्या हुकमतीखाली होती आणि सुरतकरांस खर्चाची धास्ती होती. वखारीचा जमाखर्च, मुंबईची भीती व सिद्दीविषयीचा अविश्वास या तिहींनी मिळून सलोखा घडविला.

येथे एक आक्षेप येईल, त्यास उत्तर देणे अवश्य आहे. इंग्रज जर स्वतःच्या काटकसरीमुळे उठून गेले तर त्यात मराठ्यांचे कर्तृत्व ते कोणते, असे कोणी विचारील. यावर आमचे म्हणणे असे की, वेढा घालणाऱ्यास वेढा परवडू न देणे हेच वेढ्यात सापडलेल्याचे युद्ध होय. बेटावर माणसे टिकली नसती तर इंग्रजांस खर्चाचा विचार करण्याची वेळच आली नसती. तथापि आक्षेपात तथ्यांशही आहे. सुरतेहून निराळा हुकूम आला असता, किंवा सिद्दी व इंग्रज एकदिलाने वागले असते, तर परिणाम काय झाला असता हे निश्चयाने सांगता येत नाही. ज्या यशात शत्रूच्या दुहीचा वाटा आहे त्याचे वर्णन निर्भेळ विजय असे करू नये.

आता आमच्या लेखकांनी ज्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष केले त्या उंदेरीकडे वळतो. खांदेरी घेताना उंदेरी मोकळी राहिली. ती किनाऱ्यास जवळ, म्हणजे ज्या पट्ट्यातून खांदेरीचा पुरवठा होत होता त्याच पट्ट्याच्या काठी. सिद्दी कासमाने ते ओळखले. दौलतखानाचा हल्ला फसला. महाराजांच्या निधनानंतर त्याच वर्षी पुन्हा झालेला यत्नही फसला. आणि उंदेरी पुढे सुमारे ऐंशी वर्षे, इ. स. १७६० च्या सुमारास मराठ्यांच्या हाती येईपर्यंत, सिद्दीच्या ताब्यात राहिली. इतका काळ त्या दोन बेटांनी एकमेकांवर तोफा रोखून धरल्या. खांदेरीमुळे मुंबईच्या दारावर जो वचक बसावयाचा तो उंदेरीमुळे निम्मा झाला. दोन्ही बेटे एकाच वेळी व्यापण्याइतकी माणसे व गलबते हाताशी नव्हती की त्या धोक्याचा अंदाजच आला नाही, याचा विचार पुढील संशोधकांनी करावा. परंतु ही उणीव वगळून लिहिलेला खांदेरीचा इतिहास अपुरा आहे, एवढे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

साधनांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आपल्या बाजूने या मोहिमेची रोजनिशी उपलब्ध नाही. सभासदाची बखर आरमारातील गलबतांचे प्रकार देते. खांदेरीचा दिवसवार वृत्तान्त देत नाही. तपशिलासाठी मुंबई-सुरतेच्या इंग्रजी पत्रव्यवहारावाचून गत्यंतर नाही. मग त्या पत्रव्यवहाराशी आम्ही कसे वागतो? ‘डव्ह’ पाडाव झाली हे इंग्रज लिहितात तेव्हा ते प्रामाणिक साक्षीदार ठरतात. ‘रिव्हेंज’ने आमची गलबते हटविली हे त्याच पत्रात त्याच हाताने लिहिलेले असते, तेव्हा ते बढाईखोर ठरतात. ही पद्धत संशोधनाची नव्हे. साक्षीदार जेथे स्वतःच्या तोट्याचे बोलतो तेथे त्यावर अधिक विश्वास ठेवावा हा नियम योग्यच आहे. पण जेथे तो फायद्याचे बोलतो तेथे त्याचे म्हणणे तपासून नाकारावे, न तपासता गाळू नये. इंग्रज कप्तानास आपल्या वरिष्ठांपुढे ‘रिव्हेंज’चा पराक्रम फुगविण्याचे कारण होते, हे खरे. परंतु मराठी आरमार त्या दिवशी खाडीत गेले, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. आणि ती खरी मानल्याने महाराजांचे काय जाते? आरमार खाडीत गेले, तरी पुढच्या काळोख्या रात्री होड्या बेटावर पोचत राहिल्या. अमावास्या अवघ्या सहा-सात दिवसांवर होती.

यावरून आमचा निर्णय असा : १८ ऑक्टोबरची झुंज अनिर्णित होती; तीत एक गुराब मराठ्यांस मिळाली व उघडे पाणी इंग्रजांकडे राहिले. मोहीम मात्र महाराजांनी जिंकली, कारण किनाऱ्यापासून बेटापर्यंतची वाट त्यांनी तुटू दिली नाही. आणि तो विजय अर्धा होता, कारण त्याच वाटेवरील दुसरे बेट त्यांच्या हातून गेले. इ. स. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर मोठी मोहीम केली ती कान्होजी आंग्रे यांच्या काळात निष्फळ झाली. त्यावरून १६७९ मध्ये घातलेला पाया किती पक्का होता हे दिसते. उंदेरीवरून त्याची मर्यादाही दिसते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून लिहाव्या.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांनी दर्यावरील युद्धाविषयी मत द्यावे हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु पाणी मध्ये आले म्हणजे फौजेचे काय होते, हे गोदातीरी राक्षसभुवनास उभे राहिल्यानेही समजते. तेथे पलीकडच्यास अलीकडच्यापर्यंत पोचता आले नाही. खांदेरीस सहा महिने पोचता येत राहिले. या भेदाचा शोध घेताना थळच्या बाजूच्या गावांतून त्या होड्यांत धान्य कोणी भरले, वल्ही कोणी मारली, याचे कागद जुन्या दप्तरांत सापडण्याचा संभव आहे. कुलाबा प्रांतातील अभ्यासकांनी ते धुंडाळावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. ते सापडल्यास आमच्या वरील अनुमानांपैकी जी चुकीची ठरतील ती आम्ही आनंदाने मागे घेऊ.